कृत्रिम पापण्या

पापणीच्या कडेवरील नैसर्गिक केस अधिक लांब, दाट व गडद दिसावेत म्हणून त्यांच्या मुळालगत चिकटविण्यात येणारी केसांची अथवा केसासारख्या तंतूंची पट्टी किंवा लहान झुबके यांस कृत्रिम पापण्या म्हणतात. मराठीत ‘पापणी’ या शब्दाने डोळ्यावरील त्वचेचे झाकण आणि त्या झाकणाच्या कडेचे केस या दोहोंचाही बोध होतो. संस्कृतात मात्र झाकणाला ‘वर्त्म’ व केसांना ‘पक्ष्म’ असे स्वतंत्र शब्द आहेत. प्रस्तुत नोंदीचा विषय पक्ष्मांचा आहे. डोळे रंगविण्याची प्रथा हजारो वर्षांची असली, तरी परके केस आणून पापणीला चिकटविण्याचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना नाही. हे प्रसाधन प्रथम केशकारागिराच्या व रंगभूषाकाराच्या हाती होते आणि पुढे ते घरच्या आरशासमोर आले. या स्थित्यंतरात डोळ्याच्या सुरक्षिततेची जबाबदारीही एका हातातून दुसऱ्या हातात गेली, ही गोष्ट या इतिहासात विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

पक्ष्मांची रचना व कार्य : मनुष्याच्या वरच्या पापणीवर सु. ९० ते १६० आणि खालच्या पापणीवर सु. ७५ ते ८० केस असतात. वरचे केस ८ ते १२ मिमी. व खालचे ६ ते ८ मिमी. लांबीचे असतात. त्यांच्या मुळांशी संवेदनक्षम तंत्रिकांचे जाळे असल्यामुळे धुळीचा कण नुसता टेकताच पापणी आपोआप मिटते. प्रत्येक केस काही महिन्यांनी गळून पडतो व त्याच्या जागी नवा येतो. केसांच्या ओळीच्या मागे, पापणीच्या कडेवरच, अश्रूंच्या थरावर तेलकट आवरण पसरविणाऱ्या ग्रंथींची तोंडे असतात. कृत्रिम पट्टीचे चिकटद्रव्य जेथे लागते त्या जागेपासून ही तोंडे जेमतेम एक-दोन मिमी. अंतरावर असतात, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पापणीच्या केसांची लांबी किती असावी, या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर बरेच अलीकडे मिळाले. अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०१५ मध्ये सस्तन प्राण्यांच्या २२ जातींची मोजमापे घेऊन असे दाखविले की, या केसांची लांबी सामान्यतः डोळ्याच्या रुंदीच्या एक-तृतीयांश असते. वायुबोगद्यातील प्रयोगांत याच प्रमाणात डोळ्याच्या पृष्ठभागावरील बाष्पीभवन व धुळीचे निक्षेपण सर्वांत कमी, म्हणजे केस नसलेल्या स्थितीच्या सु. निम्म्यापर्यंत, खाली आले. केस त्याहून लांब केले असता मात्र हवेचा झोत नरसाळ्यातून वळविल्याप्रमाणे डोळ्याकडे जाऊ लागतो. सौंदर्यासाठी वाढविलेली लांबी नेत्रसंरक्षणास पोषक ठरेलच असे नाही, हे यावरून दिसून येते.

प्राचीन काळ : ईजिप्तमध्ये स्त्रिया व पुरुष दोघेही डोळ्यांभोवती काळा अथवा हिरवा लेप लावीत. हिरव्या लेपात मॅलॅकाइट हे तांब्याचे खनिज व काळ्यात गॅलेना हे शिशाचे खनिज मुख्यत्वे असे. थडग्यांतून मिळालेल्या अंजनपात्रांतील अवशेषांचे पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाच्या साहाय्याने पृथक्करण करण्यात आले. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांवरून निसर्गात क्वचितच आढळणारी शिशाची काही संयुगे तेथील कारागीर मुद्दाम तयार करीत असत, असे निदर्शनास आले. ही संयुगे अत्यल्प प्रमाणात शरीराच्या संसर्गविरोधी प्रतिक्रियेस चालना देत असावीत, असे २०१० मधील एका अभ्यासात सुचविण्यात आले आहे. तथापि शिशाची विषारीता सर्वज्ञात असल्याने त्यावरून सुरम्याचे समर्थन करणे युक्त नव्हे.

रोममध्ये काजळीने किंवा केशराने डोळे रेखण्याचा उल्लेख ऑव्हिड या कवीने केला आहे. थोरल्या प्लिनीने (इ. स. २३–७९) आपल्या ज्ञानकोशवजा ग्रंथात स्त्रिया पापण्यांचे केस रोज रंगवितात, असे नोंदवून त्यावर टीकेचा सूर लावला आहे. कामातिरेकाने हे केस गळतात अशी समजूतही त्याने दिली आहे. रोमन स्त्रिया या लोकापवादाच्या भयाने कृत्रिम पापण्या लावीत, असे विधान आधुनिक लोकप्रिय लिखाणात वारंवार आढळते. परंतु प्लिनीच्या मजकुरात रंगविण्याखेरीज दुसरे काही नाही.

भारतीय परंपरेत दीर्घ व दाट पक्ष्मांना सौंदर्यलक्षण मानलेले आहे. कालिदासाने शकुंतलेसाठी ‘पक्ष्मलाक्षी’ हे विशेषण योजिले आहे. भागवतातील गोपी तर कृष्णदर्शनात क्षणाचा व्यत्यय आणणाऱ्या पापण्या निर्माण केल्याबद्दल ब्रह्मदेवालाच मंदबुद्धी ठरवितात. प्रत्यक्ष प्रसाधनात मात्र सारा भर अंजनावर होता. तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचे वा चांदीचे भांडे उपडे धरून काजळी धरावयाची व ती तुपात खलून डबीत भरावयाची, ही रीत महाराष्ट्रातील घराघरांत अगदी अलीकडेपर्यंत चालू होती.

वैद्यकाने या केसांकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘पक्ष्मकोप’ या विकाराचे वर्णन आहे. त्यात पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासतात. त्यावर पापणीच्या त्वचेचा यवाच्या आकाराचा तुकडा काढून जखम केसाने शिवावी, म्हणजे पापणीची कड बाहेरच्या बाजूस ओढली जाते, असा शस्त्रोपचार सांगितला आहे. एकच केस चुकीच्या दिशेला वळला तर डोळ्याची केवढी हानी होते, याची जाण त्यामागे दिसते.

मध्ययुग ते एकोणिसावे शतक : चौदाव्या व पंधराव्या शतकांतील यूरोपात उंच, मोकळे कपाळ हे सौंदर्याचे मुख्य लक्षण समजले जाई. त्यासाठी उच्चकुलीन स्त्रिया कपाळावरचे व भुवयांचे आणि कित्येकदा पापण्यांचेही केस उपटीत. रॉगिअर व्हॅन डर वायडन याने सु. १४६० मध्ये काढलेल्या एका स्त्रीच्या प्रसिद्ध व्यक्तिचित्रात या अभिरुचीचा प्रत्यय येतो. ला तूर लांद्री येथील एका फ्रेंच सरदाराने आपल्या मुलींसाठी १३७१–७२ मध्ये उपदेशपर ग्रंथ लिहिला. त्यात केस उपटणाऱ्या एका स्त्रीला नरकात तप्त सुयांनी टोचण्यात येते, अशी कथा सांगितली आहे. मुलींना फॅशनपासून परावृत्त करण्याचा हा मार्ग कितपत यशस्वी झाला, ते त्या शतकानंतरची चित्रे पाहिली म्हणजे कळून येते.

एकोणिसाव्या शतकात यूजीन रिमेल (१८२०–८७) या लंडनमध्ये स्थायिक झालेल्या फ्रेंच सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने पापण्यांच्या केसांसाठी तयार रंग विक्रीस आणला. त्याच्या नावावरूनच इटालियन, पोर्तुगीज, स्पॅनिश इ. भाषांत मस्काऱ्याला ‘रिमेल’ हे सामान्यनाम मिळाले. १८८२ मध्ये लंडनच्या ‘ट्रूथ’ या साप्ताहिकात पॅरिसच्या लोकांनी खोट्या पापण्या करण्याची युक्ती काढल्याचे वृत्त आले. १८९९ च्या सुमारास तर ब्रिटिश वृत्तपत्रांनी याहून भयंकर कृतीची वर्णने छापली. डोक्याचा लांब केस सुईत ओवून, पापणीची कड कोकेनच्या द्रावणाने बधिर करून, तो केस कडेतून टाके घातल्याप्रमाणे आरपार ओवावयाचा व मागाहून कातरून सारखा करावयाचा, अशी ती कृती होती. अशा वर्तमानपत्री वर्णनांना शस्त्रक्रियेच्या नोंदींचे वजन देता येत नाही. ती वाचणारा वर्ग निर्माण झाला होता, एवढे मात्र त्यांवरून निश्चित म्हणता येते.

याच काळात रंगभूमीवरील नटींनी स्वतःचा एक उपाय शोधून काढला होता. काळ्या मेणाची कांडी लहान पळीत मेणबत्तीवर वितळवून ते मेण काडीने किंवा कुंचल्याने पापणीच्या प्रत्येक केसाच्या टोकाला लावीत. थंड झाल्यावर तेथे लहानसा मणी तयार होई व शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही डोळ्यांची उघडझाप दिसे. ऊन मेण डोळ्याजवळ नेण्याचे हे काम नटी रंगपटात स्वतःच्या हातांनी करीत. घरगुती प्रसाधनाचा आद्य नमुना शोधावयाचा झाल्यास तो पॅरिसच्या सुयांपेक्षा या मेणबत्तीपाशी शोधावा लागेल.

एकस्वे व चित्रपट : कृत्रिम पापण्यांचा निर्मितीविषयक लेखी पुरावा एकस्वांमध्ये म्हणजे पेटंटांमध्ये मिळतो. कायमच्या कुरळ्या केसांच्या तंत्राचा जनक म्हणून प्रसिद्धी पावलेला जर्मन केशकारागीर कार्ल नेसलर (१८७२–१९५१) याने १९०२ मध्ये कृत्रिम भुवया व पापण्या तयार करण्याच्या पद्धतीचे ब्रिटिश एकस्व मिळविले. पुढे तो न्यूयॉर्कला गेला व तेथील आपल्या केशभूषालयातही त्याने ही सेवा पुरविली. १९११ मध्ये कॅनडातील ॲना टेलर या स्त्रीने अमेरिकन एकस्व घेतले. तिच्या रचनेत चंद्रकोरीच्या आकाराच्या चिंचोळ्या पट्टीवर केस बसविलेले असून ती पट्टी पापणीला चिकटवावयाची होती. आजची घरी लावण्याची पट्टी ही तत्त्वतः टेलरचीच रचना होय. केस एकेक करून बसविण्याऐवजी संपूर्ण ओळ आधीच तयार ठेवल्यामुळे लावण्याचे काम कारागिरावाचून होण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली.

असे असूनही चित्रपटविषयक लिखाणात या शोधाचे श्रेय बहुधा अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड वॉर्क ग्रिफिथ (१८७५–१९४८) याला देण्यात येते. ‘इन्टॉलरन्स’ (१९१६) या मूकपटातील बॅबिलोनच्या कथाभागात सीना ओवेन ही नटी राजकन्येच्या भूमिकेत होती. तिच्या पापण्या गालांना स्पर्श करतील इतक्या लांब असाव्यात, असा ग्रिफिथचा आग्रह होता. तेव्हा टोप तयार करणाऱ्या कारागिराने विरळ जाळीच्या पट्टीत मानवी केस विणून त्या पट्ट्या स्पिरिट गमने तिच्या पापण्यांवर चिकटविल्या. एके दिवशी ती चित्रीकरणास आली तेव्हा तिचे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते. तिची महत्त्वाची दृश्ये आधीच घेऊन झाल्यामुळे काम अडले नाही, अशी हकीकत लिलियन गिश या अभिनेत्रीने आपल्या आत्मचरित्रात (१९६९) दिली आहे. टेलरचे एकस्व या चित्रपटाच्या पाच वर्षे आधीचे व नेसलरचे चौदा वर्षे आधीचे असल्याने ग्रिफिथचा अग्रहक्क मान्य करता येत नाही. ही हकीकत वेगळ्याच कारणासाठी मोलाची आहे. स्पिरिट गम म्हणजे मद्यार्कात विरघळविलेली राळ. मराठी रंगभूमीवरही दाढीमिशा चिकटविण्यासाठी ती वापरण्यात येते. हनुवटीच्या त्वचेला सोसणारे द्रव्य पापणीच्या कडेला सोसेलच असे नाही, याची किंमत त्या नटीने मोजली. कृत्रिम पापण्यांमुळे झालेल्या नेत्रपीडेचे हे पहिल्या ठळक उदाहरणांपैकी एक होय.

मूकपटांना अशा प्रसाधनाची गरज का भासली, याचे कारण त्या काळच्या फिल्ममध्ये आहे. ती फिल्म तांबड्या प्रकाशाला जवळजवळ असंवेदी व निळ्याला अतिसंवेदी असल्यामुळे निळे डोळे पडद्यावर पांढुरके, निर्जीव दिसत. भोवती काळी दाट चौकट असल्याखेरीज नजरेतील भाव टिपले जात नसत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सर्व रंगांना संवेदी असलेली फिल्म प्रचारात आली व हे तांत्रिक कारण उरले नाही. परंतु तोपर्यंत चित्रपटातील डोळा हाच प्रेक्षकस्त्रियांचा आदर्श बनला होता. शिकागोत १९१५ मध्ये स्थापन झालेल्या मेबेलीन कंपनीने पापण्यांचा वडीच्या रूपातील रंग टपालाने घरोघर पाठविण्यास सुरुवात केली. १९३० नंतर तिच्या दहा सेंटांच्या लहान डब्या सामान्य दुकानांतूनही मिळू लागल्या. पापण्यांचे केस वळविण्याचा कात्रीसारखा चिमटाही याच सुमारास अमेरिकेत विक्रीस आला.

‘लॅश ल्यूर’ प्रकरण व कायदा : ज्या एका वस्तूने या प्रसाधनांना कायद्याच्या कक्षेत आणले, ती कृत्रिम पापणी नसून पापणीचा रंग होती. ‘लॅश ल्यूर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या या रंगात पॅराफेनिलीन डायअमीन या वर्गातील द्रव्य होते. एकदा लावल्यावर धुऊन न जाणारा रंग, असा त्याचा लौकिक होता. १९३३ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकांत त्याच्या वापरानंतर पापण्या प्रचंड सुजणे, बुबुळावर व्रण पडणे व दृष्टी जाणे यांची वृत्ते येऊ लागली. एका स्त्रीचा तर पुढे जंतुसंसर्गाने मृत्यू झाला. त्यावेळी अमलात असलेल्या १९०६ च्या अन्न व औषधिविषयक कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेशच नव्हता. डोळे गेलेल्या स्त्रिया समोर असूनही शासनाला तो माल दुकानातून उचलता येत नव्हता.

अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनी कायद्यातील ही उणीव दाखविण्यासाठी १९३३ मध्ये एक प्रदर्शन मांडले. त्यात ‘लॅश ल्यूर’ वापरण्यापूर्वीचे व वापरल्यानंतरचे एका स्त्रीचे छायाचित्र शेजारीशेजारी लावले होते. वृत्तपत्रांनी या प्रदर्शनाचे ‘भीषण वस्तूंचे दालन’ अशा अर्थाचे नामकरण केले. पाच वर्षांच्या वादंगानंतर १९३८ मध्ये अन्न, औषधे व सौंदर्यप्रसाधने यांविषयीचा नवा कायदा संमत झाला व त्यान्वये जप्त करण्यात आलेला पहिला माल ‘लॅश ल्यूर’च होता. या कायद्यातील एक तपशील लक्षणीय आहे. डांबरापासून केलेल्या केशरंगांना इशारा छापण्याच्या अटीवर सूट देण्यात आली. परंतु भुवया व पापण्यांचे रंग या सवलतीतून स्पष्ट शब्दांत वगळण्यात आले.

या प्रकरणाचा माग भारतीय घरांतही लागतो. भारतात १९४० च्या औषधिविषयक अधिनियमात १९६२ मध्ये दुरुस्ती होऊन सौंदर्यप्रसाधने त्याच्या कक्षेत आली. या अधिनियमाखालील नियमांनी केशरंगाच्या वेष्टनावर, हा रंग भुवया वा पापण्या रंगविण्यासाठी वापरू नये, तसे केल्यास अंधत्व येऊ शकते, अशा आशयाची सूचना इंग्रजीत व स्थानिक भाषांत छापणे बंधनकारक केले. केस काळे करताना ही बारीक अक्षरांतील ओळ कोणी क्वचितच वाचतो. तिच्यामागे १९३३ च्या त्या दृष्टिहीन झालेल्या स्त्रिया उभ्या आहेत.

साहित्य व प्रसार : आरंभी कृत्रिम पापण्या मानवी केसांच्या असत. पुढे मिंक या प्राण्याची लव वापरण्यात येऊ लागली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम तंतूंनी त्यांची जागा बव्हंशी घेतली. तंतू एकेक करून बारीक दोऱ्यावर गाठीने बांधतात, नळीभोवती गुंडाळून उष्णतेने त्यांना बाक देतात आणि शेवटी कात्रीने टोके सारखी करतात. बांधणीचे काम हातांनीच करावे लागते व त्याला तरुण नजर लागते. १९६० नंतरच्या दशकात लंडनच्या फॅशनने या पापण्यांना जगभर नेले. १९६६ मध्ये प्रसिद्धीस आलेली ट्विगी ही रूपदर्शिनी वरच्या पापणीवर एकावर एक पट्ट्या लावी व खालच्या पापणीवर कुंचल्याने केस रेखाटी. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतही याच दशकात लांब टोकदार काजळरेषा व दाट पापण्या नायिकेच्या रंगभूषेचा भाग झाल्या. ‘ॲन ईव्हनिंग इन पॅरिस’ (१९६७) मधील शर्मिला टागोर यांची रंगभूषा हे त्याचे परिचित उदाहरण होय. १९७० नंतरच्या दशकात साधेपणाची आवड वाढल्याने ही लाट ओसरली व एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा आली. आता महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावीही नववधूच्या शृंगारात त्यांचा वापर होतो. विवाहहोमाच्या धुराने डोळ्यांत पाणी येते व पट्टीची कोपऱ्यातील टोके प्रथम सुटतात, ही अडचण मात्र लंडनच्या प्रसाधनपुस्तिकांना ठाऊक नव्हती.

घरी लावण्याची पद्धती : पट्टी डब्यातून उपटून न काढता चिमट्याने बाहेरील टोकाकडून अलगद सोडवितात. ती पापणीवर धरून मोजतात व लांब असल्यास बाहेरील टोकाकडून कापतात. आतील टोकाकडून कापल्यास केसांचा लहानाकडून मोठ्याकडे जाणारा क्रम बिघडतो. नंतर ती बोटाभोवती गुंडाळून मऊ करतात. चिकटद्रव्य सामान्यतः रबराच्या चिकापासून केलेले व दुधाळ असते. ते पट्टीच्या कडेवर अगदी पातळ लावून सु. अर्धा मिनिट थांबतात. द्रव्य ओले असतानाच पट्टी टेकविण्याची घाई केल्यास ती घसरते व द्रव्य डोळ्यात उतरते. नवशिक्यांच्या बहुतेक फजित्या या अर्ध्या मिनिटात होतात. आरसा समोर न ठेवता हनुवटीखाली धरावा व खाली पाहावे, म्हणजे पापणी ताणली जाते आणि डोळा अर्धवट मिटलेला राहतो. प्रथम पट्टीचा मध्य केसांच्या मुळालगतच्या त्वचेवर टेकवून मग दोन्ही टोके बसवितात. आतील टोक नाकाकडील कोपऱ्यापासून थोडे दूर ठेवतात, नाहीतर ते सतत टोचते. काढताना कोमट पाण्याने किंवा तेलयुक्त द्रावणाने चिकटद्रव्य मऊ करणे आवश्यक असते. कोरडी पट्टी ओढल्यास तिच्याबरोबर स्वतःचे केसही येतात. झोपण्यापूर्वी पट्टी काढून स्वच्छ करावी व दुसऱ्याची पट्टी वापरू नये. ज्यांना रबराच्या हातमोज्यांची किंवा फुग्यांची अधिहर्षता म्हणजे ॲलर्जी असते, त्यांनी रबरी चिकाचे द्रव्य टाळणे इष्ट होय. चुंबकीय पट्ट्यांत चिकटद्रव्य नसते. त्याऐवजी लोहकण असलेली काजळरेषा वापरतात. चुंबकीय अनुस्पंदनाने शरीराचे चित्रण म्हणजे एमआरआय करण्यापूर्वी अशा पट्ट्या काढाव्याच लागतात.

अपाय : पट्टीपेक्षा वेगळा असा दुसरा प्रकार म्हणजे प्रत्येक नैसर्गिक केसाला एकेक तंतू चिकटविणे. हा प्रकार २००० नंतर जपान व दक्षिण कोरियातून सर्वत्र पसरला. त्यासाठी सायनोॲक्रिलेट हे शीघ्र घट्ट होणारे द्रव्य वापरतात. १९४२ मध्ये कोडॅक कंपनीतील हॅरी कूव्हर यांच्या संशोधनात हे द्रव्य प्रथम हाती लागले व १९५८ मध्ये ते बाजारात आले. सुतारकामाला व मोडलेल्या वस्तू जोडण्याला उपयोगी पडणारी द्रव्येही याच कुळातील होत. हे काम प्रशिक्षित व्यक्तीने डोळा मिटलेला ठेवून करावयाचे असते. तंतूंचे जड ओझे दीर्घकाळ राहिल्यास मुळांवर ताण पडून नैसर्गिक केस विरळ होतात. जपानमध्ये अशा प्रसाधनानंतर नेत्रविकार झालेल्या १०७ स्त्रियांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बुबुळ व नेत्रश्लेष्मा यांचा दाह सर्वाधिक आढळला व त्याखालोखाल पापणीचा अधिहर्षताजन्य दाह आढळला. चिकटद्रव्यांतून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडत असल्याचेही त्या अभ्यासात दिसून आले.

घरगुती वापरातील गंभीर अपघात बहुधा एकाच प्रकारे घडतो. पापणीचे चिकटद्रव्य संपले म्हणून, किंवा बाटल्यांत गल्लत होऊन, वस्तू जोडण्याचे द्रव्य डोळ्याला लागते व पापण्या एकमेकींना चिकटतात. अशा वेळी त्या बळाने सोडविणे किंवा केस कापू पाहणे घातक असते. कोमट पाण्यात भिजविलेली स्वच्छ घडी डोळ्यावर ठेवून नेत्रवैद्याकडे जावे. बहुतेक प्रसंगी चिकटलेली कड काही दिवसांत आपोआप सुटते. परंतु आत बुबुळावर ओरखडा उमटला आहे काय, हे वैद्यानेच पाहावे लागते.

केस चिकटविण्याऐवजी वाढविण्याचा मार्गही आता उपलब्ध आहे. काचबिंदूवरील बायमॅटोप्रॉस्ट हे औषध वापरणाऱ्या रुग्णांच्या पापण्यांचे केस लांबतात, असे लक्षात आल्यावर २००८ मध्ये अमेरिकेत त्याला या उपयोगासाठी मान्यता मिळाली. त्याने पापणीची त्वचा काळवंडणे व क्वचित बुबुळाचा रंग गडद होणे संभवते.

उत्पादन व व्यापार : दक्षिण कोरियाने १९६० नंतर केसांचे टोप व कृत्रिम पापण्या यांची मोठ्या प्रमाणावर निर्यात केली. मजुरी वाढल्यावर कोरियन उद्योजकांनी हे काम इंडोनेशियातील मध्य जावा प्रांतात नेले व पुर्बलिंगा हा जिल्हा त्याचे प्रमुख केंद्र बनला. तेथे कारखान्यांखेरीज खेड्यांतील स्त्रिया घरी बसून नगावर मजुरी घेऊन पापण्या बांधतात. एका घरातील स्त्री जी गाठ मारते ती दुसऱ्या खंडातील घरात आरशासमोर लागते. या व्यवसायाची दोन्ही टोके अशी घरातच आहेत. चीनमध्ये शांडुंग प्रांतातील पिंगदू हे शहर या उद्योगासाठी प्रसिद्ध असून जगातील उत्पादनाचा फार मोठा वाटा तेथून येतो. तेथील काही व्यापारी बांधणीचे काम उत्तर कोरियातून करवून घेतात. २०१२ ते २०१७ या काळात अमेरिकेतील ई. एल. एफ. कॉस्मेटिक्स या कंपनीने चिनी पुरवठादारांकडून आयात केलेल्या कृत्रिम पापण्यांच्या १५६ खेपांत उत्तर कोरियातील माल आढळला. निर्बंधांचे उल्लंघन झाल्याबद्दल त्या कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकन कोषागाराशी ९,९६,०८० डॉलर भरून तडजोड केली.